प्रबंधाची मौखिक परीक्षा, अभियांत्रिकीतील

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर अथवा पीएच.डी. पदवीसाठी केलेले संशोधन परीक्षकांसमोर तोंडी मांडणे आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देऊन त्याचे समर्थन करणे, यास ही संज्ञा लावतात. भारतात व ब्रिटनमध्ये ही परीक्षा ‘व्हायव्हा व्होसी’ (‘जिवंत वाणीने’) या लॅटिन नावाने परिचित आहे. संशोधनाचा दर्जा लेखी प्रबंधावरून कळतो; परंतु ते विद्यार्थ्याने स्वतः केले आहे काय व त्याच्या मर्यादा त्याला उमगल्या आहेत काय, याचा निर्णय मुख्यत्वे मौखिक परीक्षेत होतो.

इतिहास : या परीक्षेचे मूळ मध्ययुगीन यूरोपीय विद्यापीठांतील सार्वजनिक वादसभांत आहे. भारतात शास्त्रार्थाची परंपरा प्राचीन असली, तरी आजची पद्धत ब्रिटिश विद्यापीठांच्या अनुकरणाने रूढ झाली. अभियांत्रिकीला डॉक्टरेटचा मान उशिरा मिळाला. अमेरिकेत १८६३ मध्ये जे. विलर्ड गिब्ज यांनी दंतचक्रांच्या दात्यांच्या आकारावरील प्रबंधासाठी येल येथे पीएच.डी. मिळविली. प्रशियातील तांत्रिक महाविद्यालयांना असा अधिकार १८९९ मध्ये सम्राट दुसरा विल्यम याने दिला.

पद्धती : ब्रिटनमध्ये ही परीक्षा सामान्यतः बंद दालनात अंतर्गत व बाह्य परीक्षक घेतात. नेदर्लंड्समध्ये ती जाहीर समारंभच असते. ठरलेली वेळ संपताच दंडधारी अधिकारी सभागृहात येऊन ‘होरा एस्ट’ (‘वेळ झाली’) असे पुकारतो. स्वीडनमध्ये खास नेमलेला प्रतिपक्षी विद्वान सर्वांसमक्ष प्रबंधाची चिकित्सा करतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार पीएच.डी.ची मौखिक परीक्षा विभागातील अध्यापक व संशोधक विद्यार्थी यांना खुली असते. २०२० मधील कोव्हिड साथीपासून दूरदृश्य माध्यमाद्वारेही अशा परीक्षा घेतल्या जाऊ लागल्या.

स्वरूप : विद्यार्थी प्रथम समस्या, पूर्वीचे कार्य, गृहीतके, पद्धती, निष्कर्ष व मर्यादा या क्रमाने निवेदन करतो. पूर्वी त्यासाठी फळा व पारदर्शिका वापरीत; आता संगणकीय चित्रपट्टिका वापरतात. परीक्षेचा खरा भाग प्रश्नोत्तरांचा होय. उपकरणांचे अंशांकन कसे केले, नमुने किती घेतले, संगणकीय जाळी अधिक बारीक केल्यास उत्तर बदलते काय, असे प्रश्न विचारले जातात. उदा., धरणाच्या सांडव्याची १:२५ प्रमाणातील प्रतिकृती घेऊन पाण्याचा प्रवाह अभ्यासला, तर गुरुत्वाचा प्रभाव मूळाप्रमाणे राखण्यासाठी (फ्राउड अंक समान ठेवण्यासाठी) प्रतिकृतीतील वेग एक-पंचमांश ठेवावा लागतो. मात्र त्यामुळे श्यानतेच्या प्रभावाचा निदर्शक असलेला रेनल्ड्झ अंक १२५ पटींनी घटतो. एकाच द्रवात दोन्ही अंक समान ठेवता येत नाहीत. श्यानतेचा प्रभाव उपेक्षणीय का मानला व कोणत्या मर्यादेपर्यंत, हे विद्यार्थ्याला सांगता आले पाहिजे. अभियंत्याच्या निष्कर्षांवर पुढे पूल, यंत्रे व माणसांचे प्राण विसंबून असतात. म्हणून ‘हे मला ठाऊक नाही’ किंवा ‘माझे प्रयोग येथवरच लागू पडतात’ हे उत्तर अनेकदा ओढूनताणून केलेल्या समर्थनापेक्षा अधिक मोलाचे ठरते.

तज्ज्ञेतरांसाठी निवेदन : ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठाने २००८ मध्ये ‘तीन मिनिटांत प्रबंध’ ही स्पर्धा सुरू केली. तीत एकाच स्थिर चित्राच्या आधारे सर्व संशोधन सामान्य श्रोत्यास समजेल असे सांगावयाचे असते. अनेक देशांत ती भरविली जाते. तथापि ती परीक्षा नव्हे, कारण तीत उलटतपासणी नसते.

मौखिक परीक्षेतही दोष आहेत. घाबरट विद्यार्थी किंवा परीक्षेची भाषा सफाईने न बोलणारा विद्यार्थी ज्ञान असूनही मागे पडतो, तर काही ठिकाणी ती केवळ उपचार उरते. तथापि २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने सफाईदार मजकूर सहज तयार होऊ लागल्यामुळे, लिहिलेले ज्ञान लिहिणाऱ्याचेच आहे हे पारखण्याचे साधन म्हणून तिचे महत्त्व वाढले आहे.