लहान भाषण, मोठा विचार (लेखांक नववा) : विवेकवर्धिनीतील एक तेलुगु भाषण

टेड परिषदेतील भाषणांच्या अठरा मिनिटांच्या मर्यादेचा इतिहास या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु काचीगुड्याच्या एका वाचकांनी पत्रातून विचारलेला प्रश्न इतका नेमका निघाला की, कबूल केलेला विषय आठवडाभर पुढे ढकलणे मला क्रमप्राप्त वाटले. ते लिहितात की, फॅरेडेच्या नाताळातील व्याख्यानांपासून न्यायमूर्ती रानड्यांच्या वसंत व्याख्यानमालेपर्यंत आपण आम्हांला हिंडवून आणलेत, तेव्हा आता आमच्या या हैदराबाद शहरात एखाद्या लहानशा भाषणाने प्रत्यक्ष काही घडवून आणल्याचे एक तरी उदाहरण द्यावे. तसे उदाहरण आहे, आणि त्याचे एक फळ आम्हां नारायणगुडेकरांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे.

या प्रश्नावर कोणाही हैदराबादकराला प्रथम विवेकानंदांचे नाव सुचेल, आणि ते रास्तच आहे. १३ फेब्रुवारी १८९३ रोजी सिकंदराबादच्या महबूब कॉलेजात, आपण पाश्चात्त्य देशांत कोणत्या हेतूने जाणार, याविषयी त्यांनी व्याख्यान दिले. आणि त्याच वर्षी ११ सप्टेंबरला शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेत स्वागताला उत्तर देताना ते जे अवघी काही मिनिटे बोलले, ते लहान भाषणाच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून जगभर सांगितले जाते. परंतु ती दोन्ही भाषणे श्रोत्यांनी जिवाचे कान करून ऐकली. मला ज्या भाषणाविषयी लिहावयाचे आहे, ते श्रोत्यांनी धड ऐकूनच घेतले नाही. आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्याचे परिणाम दूरवर पोहोचले.

त्या प्रसंगाकडे वळण्यापूर्वी परिषदांच्या एका जुन्या शिरस्त्याची ओळख करून घ्यावयास हवी, कारण आजच्या अठरा मिनिटांच्या भाषणाचा आपल्याकडील खरा पूर्वज, माझ्या मते, त्या शिरस्त्यात सापडतो. सामाजिक परिषद म्हटली की अध्यक्षांचे भाषण लांबलचक असे व ते बहुधा आधी छापून तयार असे. त्यानंतर ठरावांचा क्रम सुरू होई. एक गृहस्थ ठराव मांडीत, दुसरे त्यास अनुमोदन देत, तिसरे पुष्टी देत, आणि प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येत. वेळ संपली की अध्यक्षांच्या मेजावरील घंटा वाजे. बालविवाह, विधवांचे शिक्षण, अस्पृश्यतानिवारण यांसारखा प्रचंड विषय त्या मोजक्या मिनिटांत बसवावयाचा आणि तोही अशा रीतीने की, भाषण संपताच समोरच्या माणसांनी हात वर करून होय किंवा नाही म्हणावे, ही कसोटी सामान्य नव्हती. आजचा वक्ता लाल गोल गालिच्यावर उभा राहतो, समोर त्याला उरलेली मिनिटे दाखविणारे घड्याळ असते, आणि भाषण संपले की टाळ्या मिळतात. ठरावावर बोलणाऱ्यास टाळ्यांपेक्षा अधिक काही मिळवावे लागे, ते म्हणजे सभेची संमती.

असा एक ठरावाचा क्रम नोव्हेंबर १९२१ मध्ये जांबागेतील विवेकवर्धिनीच्या नाट्यगृहात चालू होता. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदी मंडळींनी १९०७ च्या सुमारास उभी केलेली ही संस्था निजामी मुलखातील मराठी माणसाच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र होती. आणि ज्या केशवरावांचे नाव धारण करणारी केशव मेमोरियल शाळा १९४० पासून आमच्या नारायणगुड्यात चालत आली आहे, ते हेच कोरटकर. परिषद संस्थानच्या समाजसुधारकांची होती, आणि अध्यक्ष होते साक्षात धोंडो केशव कर्वे. इंग्रजी, उर्दू व मराठी भाषणे यथास्थित पार पडली. मग अल्लमपल्ली वेंकटराम राव या नावाचे एक वकील एका ठरावावर बोलावयास उभे राहिले आणि तेलुगुत बोलू लागले. श्रोत्यांत मराठी मंडळींचा भरणा मोठा होता. हशा झाला, टाळ्या पिटल्या गेल्या, गलका उठला, आणि वक्त्यास भाषण पुरे करणे अशक्य झाले.

हैदराबाद संस्थानात त्या काळी सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगु, पाच मराठी आणि तीन कानडी. प्रजेपैकी जवळजवळ निम्मी माणसे तेलुगु बोलत, तर मराठी बोलणारी सुमारे चतुर्थांश होती. म्हणजे त्या सभागृहात हसे झाले ते संस्थानच्या सर्वांत मोठ्या प्रजाभाषेचे. आणि हसणारे तरी कोण, तर ज्यांच्या स्वतःच्या भाषेला दरबारात, कचेऱ्यांत आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उर्दूपुढे उभे राहण्यास जागा नव्हती, असे आपलेच पूर्वज. दरबाराच्या उपेक्षेचे दुःख ज्यांना पुरते ठाऊक होते, त्यांनी ते शेजाऱ्याच्या पदरात घालावे, ही गोष्ट मला आजही बोचते. आपल्या मराठी इतिहासकथनात या प्रसंगाला क्वचितच स्थान मिळते. तेलुगु इतिहासकार मात्र तेलंगणाच्या जागृतीचा आरंभ येथूनच मोजतात, आणि आपणही तो तितक्याच सरळपणे सांगावा, असे मला वाटते.

हे अज्ञानातून घडले असे म्हणावे, तर तशीही सोय नाही. कारण दोन्ही भाषांत सारख्याच सहजतेने वावरणारी माणसे त्या शहराने पाहिली होती. सुलतान बाजारातील श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये निघाले, त्याच्या संस्थापकांपैकी कोमर्राजू लक्ष्मणराव यांचे शिक्षण नागपुरास झालेले. ते मराठीत लिहीत, आणि १९०६ मध्ये विज्ञानचंद्रिका मंडळी स्थापून त्यांनी इतिहासाचे व शास्त्रीय विषयांचे ग्रंथ तेलुगु वाचकास उपलब्ध करून दिले. पुढे हैदराबादचे मुख्यमंत्री झालेले बुर्गुल रामकृष्णराव पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी. मराठीचे दार या मंडळींनी केव्हाच ओलांडले होते. आपल्या बाजूने मात्र तेलुगुच्या घरात डोकावण्याची तितकी आस्था दिसली नाही.

ती सभा आटोपल्यावर त्याच रात्री टेकुमळ्ळ रंगाराव यांच्या घरी मूठभर तेलुगु मंडळी जमली आणि आंध्र जनसंघाची स्थापना झाली. या मंडळींनी कोणावर सूड उगविण्याची भाषा केली नाही. त्यांनी ग्रंथालये काढली, वाचनालये काढली, शिलालेख गोळा केले, वेठीच्या जुलमाविरुद्ध पुस्तिका छापल्या. आणि संशोधनासाठी जे मंडळ काढले, त्यास लक्ष्मणरावांचेच नाव दिले. १९३० मध्ये जोगीपेठेस सुरवरम प्रतापरेड्डींच्या अध्यक्षतेखाली पहिली आंध्र महासभा भरली. आपली महाराष्ट्र परिषद परतूरला भरावयास १९३७ साल उजाडावे लागले. अपमान गिळून संघटनेच्या कामास लागलेला समाज अपमान करणाऱ्यांच्या पुढे सात वर्षे कसा गेला, हे या दोन सालांवरून दिसून येते.

आता नारायणगुड्याकडे येतो. त्या आंध्र जनसंघाचे प्राण असलेले माडपाटी हनुमंतराव, जे पुढे हैदराबादचे पहिले महापौर झाले, त्यांनी १९२८ मध्ये तेलुगु माध्यमाची मुलींची शाळा काढली. ती आज त्यांच्याच नावाने नारायणगुड्यात उभी आहे, आणि शाळा सुटण्याच्या वेळी तिच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलींची तेलुगु बडबड ऐकत मी अनेक वर्षे त्या रस्त्याने जात आलो आहे. शाळा वाढून उन्नत पाठशाळा (हायस्कूल) झाली तेव्हा मोठी अडचण उभी राहिली. उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू. तेव्हा तेलुगुतून शिकलेल्या मुलींची परीक्षा घेणार कोण, आणि त्यांना दाखला देणार कोण? या पेचातून वाट काढून दिली ती कर्व्यांच्या महिला विद्यापीठाने. शाळा त्या विद्यापीठास संलग्न झाली.

हे शक्य कसे झाले, याचे कारण पुन्हा एका भाषणात आहे. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईस भरलेल्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून कर्व्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली होती. जपानमधील महिला विद्यापीठाचे माहितीपत्रक वाचून ती त्यांच्या मनात रुजली होती. आणि भाषणानंतर पुढच्याच वर्षी, १९१६ मध्ये, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या विद्यार्थिनींनिशी ते विद्यापीठ सुरूही झाले. उच्च शिक्षण मातृभाषेतून द्यावयाचे, हे त्याचे मूलतत्त्व. त्या तत्त्वात ‘मातृभाषा’ म्हणजे मराठीच, अशी अट नव्हती. म्हणूनच निजामी राजधानीतील तेलुगु मुलीलाही त्याचा आधार घेता आला. ज्या सभेत तेलुगु भाषण बंद पाडले गेले, तिच्या अध्यक्षांनी सहा वर्षांपूर्वी मांडलेल्या विचाराच्या बळावर तेलुगु शाळेच्या मुली परीक्षा देऊ लागल्या. एक भाषण ऐकले गेले आणि दुसरे ऐकले गेले नाही. नारायणगुड्याच्या या एका शाळेत त्या दोहोंची फळे एकत्र आली आहेत.

पत्रलेखकांच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे, आणि त्यातून मी काढलेला निष्कर्षही स्पष्ट आहे. लहान भाषणाविषयी आपण जी चर्चा करतो, ती जवळजवळ सगळी वक्त्याविषयी असते : त्याने आरंभ कसा करावा, किती मिनिटांत आटपावे, चित्रे किती दाखवावीत. श्रोत्याच्या कर्तव्याचा विचार कोणी करीत नाही. मोठ्या विचाराला लहान वेळेत मांडणारा वक्ता अपरिचित गोष्टीस थोडा अवसर मिळेल, या एकाच भरवशावर उभा राहतो; तो भरवसा श्रोत्याने मोडला तर घड्याळाची कितीही काटेकोर आखणी निरुपयोगी ठरते. कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे १९८४ मध्ये टेड परिषद प्रथम भरली आणि २००६ पासून तिची भाषणे जगास मोफत पाहावयास मिळू लागली, तेव्हा तिच्या यशात वक्त्यांच्या कौशल्याइतकाच, परक्या विषयावरचे भाषण शेवटपर्यंत ऐकण्यास राजी असलेल्या श्रोत्यांचाही वाटा होता.

हैदराबादेतील मराठी संस्थांना माझी एक विनंती आहे. आपल्या व्याख्यानमालांत आता पंधरा-वीस मिनिटांच्या भाषणांचे सत्र ठेवण्याची चाल पडत आहे, ती उत्तम आहे. त्या प्रत्येक सत्रात एक भाषण तेलुगु वक्त्याचे आणि तेलुगुतच ठेवावे, मग ते शेतीवर असो, गृहरचनेवर असो की खगोलशास्त्रावर. या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्याला ते समजत नाही, ही सबब आता शोभत नाही. आणि पहिले असे भाषण शक्य झाल्यास विवेकवर्धिनीतच व्हावे. शंभर वर्षांहून अधिक काळ थकलेली ती बाकी तेथेच फेडली जावी.

अठरा मिनिटांच्या मर्यादेचा विषय पुढील आठवड्यात अवश्य घेईन.