हृदयशस्त्रक्रिया, वृद्धांची स्मरणशक्ती आणि जीवनसत्त्वे

हृदयावरील शस्त्रक्रिया यशस्वी झाली, छातीची जखम भरून आली, तरी घरी परतलेली वृद्ध व्यक्ती पूर्वीसारखी राहिली नाही, अशी तक्रार कुटुंबीय करताना आढळतात. नावे आठवत नाहीत, हिशेब चुकतो. रुग्णालयातील पहिल्या काही दिवसांत तर कित्येकांना दिवस-रात्रीचे भान राहत नाही व ते असंबद्ध बोलू लागतात. खेड्यापाड्यांत यालाच ‘वात झाला’ असे म्हणतात.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २६१ बायपास रुग्णांची पाहणी करून २००१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरी जाताना ५३ टक्के रुग्णांची बौद्धिक क्षमता घटलेली होती. सहा महिन्यांनी हे प्रमाण २४ टक्क्यांवर आले. पाच वर्षांनंतर मात्र ते ४२ टक्के आढळले. या उशिराच्या घसरणीस केवळ शस्त्रक्रिया जबाबदार नसून मुळातील रक्तवाहिन्यांचा विकारही कारणीभूत असतो, असे पुढील अभ्यासांवरून दिसते.

येथे जीवनसत्त्वांचा प्रश्न उपस्थित होतो. मज्जातंतूंच्या आरोग्यास ब-१२ हे जीवनसत्त्व अत्यावश्यक होय. ते मांस, मासे, अंडी व दूध यांतूनच मिळते. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांच्या, २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ६७ टक्के पुरुषांमध्ये ते कमी आढळले. उतारवयात त्याचे शोषण मंदावते; मधुमेहावरील मेटफॉर्मिन व पित्तशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास त्यात भर पडते. हृदयरुग्णांपैकी अनेकांना नेमकी हीच औषधे चालू असतात. भूल देताना कधी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड वायूही ब-१२ निष्क्रिय करतो. पायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा ही लक्षणे ‘वयच झाले’ म्हणून सोडून दिली जातात, हे खेदजनक आहे; कारण ही उणीव साध्या रक्ततपासणीने कळते व इंजेक्शने वा गोळ्यांनी भरून काढता येते.

परंतु उणीव भरून काढणे वेगळे आणि सरसकट गोळ्या देणे वेगळे. ऑक्सफर्ड येथील २०१० सालच्या प्रयोगात ब-गटातील जीवनसत्त्वांमुळे, सौम्य स्मृतिदोष असलेल्या वृद्धांच्या मेंदूची झीज मंदावली. लाभ मुख्यत्वे रक्तात होमोसिस्टीन वाढलेल्यांना झाला. अमेरिकेत २२६२ वृद्धांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोजच्या बहुजीवनसत्त्व गोळीचा काहीसा लाभ दिसला, तो हृद्रोग असलेल्यांत अधिक. मात्र हे दोन्ही प्रयोग शस्त्रक्रियेच्या रुग्णांवरील नव्हते. तेव्हा हृदयशस्त्रक्रियेपूर्वी मेंदूचे कवच म्हणून जीवनसत्त्वे विकत घेण्यास आधार नाही.

उलट, काही धोके संभवतात. झडप बदललेल्या रुग्णांस रक्त न गोठण्यासाठी वॉरफरिन अथवा असिट्रोम दिले जाते. क जीवनसत्त्व नव्हे, तर ‘के’ जीवनसत्त्व त्याचा प्रभाव घटवते, तर ‘ई’ अधिक मात्रेत घेतल्यास रक्तस्रावाची भीती वाढते. केवळ फॉलिक आम्लाने पांडुरोग सुधारलेला दिसतो, पण ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून हृदयशस्त्रक्रियेसाठी गावातून कोणी निघाल्यास, चालू असलेल्या सर्व गोळ्या, टॉनिके व काढे यांची यादी सोबत द्यावी आणि ब-१२ तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे. चष्मा, श्रवणयंत्र व कवळी घरी विसरू नये. शस्त्रक्रियेनंतर रात्रीची झोप, डॉक्टरांच्या संमतीने लवकर चालणे-फिरणे आणि वार, वेळ व ठिकाण यांची आठवण करून देणारे घरचे माणूस यांचा भ्रम टाळण्यास खरोखर उपयोग होतो. भ्रम दिसताच परिचारिकेस कळवावे. रुग्णावर रागावू नये वा त्याच्याशी वाद घालू नये.