निकोडेमसची माणसे

वंशवेलीला आमच्या घरी 'शजरा' म्हणतात. शजरा म्हणजे झाड. माणसाची मुळे शोधायची तर जुने कागद चाळावे लागतात. पण ज्याचे नावच कुणी कागदावर लिहिले नाही, त्याच्या नातवंडांनी काय करावे? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील निकोडेमस या खेड्याचा इतिहास वाचताना मला हा प्रश्न पडला.

हे गाव १८७७ साली वसले. केंटकी राज्यात गुलामगिरीतून सुटलेली कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतःच्या जमिनीच्या आशेने इकडे निघाली. एलिसपर्यंत आगगाडी, पुढे उघडा माळ. पोहोचल्यावर पाहतात तो गाव दिसेच ना! आधी आलेले लोक जमीन खोदून तिच्या पोटात राहत होते. काही जण निराश होऊन परतले. राहिले त्यांनी पहिला हिवाळा मोठ्या हालात काढला.

त्यांचे वंशज आज पूर्वजांचा माग काढतात, तेव्हा १८७० च्या जनगणनेपर्यंत वाट बरीच सरळ असते. त्यामागे मात्र भिंत लागते. १८५० आणि १८६० साली गुलामांची वेगळी यादी झाली. तीत नाव मालकाचे. गुलामांचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. म्हणून आधी मालक शोधायचा आणि मग त्याची मृत्युपत्रे, वाटणीपत्रे, विक्रीखते पाहायची. मालमत्ता वाटताना किंवा विकताना माणसांची नावे पुष्कळदा लिहिली जात. केवढा हा दैवदुर्विलास! जो कागद माणसाला वस्तू ठरवतो, त्याच कागदात एखाद्या घराला आपली हरवलेली पणजी सापडते.

दुसरा आधार मुक्त गुलामांसाठी १८६५ साली निघालेल्या बँकेचा. ती १८७४ मध्ये बुडाली, गरिबांचे पैसे गेले. पण खाते उघडताना लिहून घेतलेली आईवडिलांची, भावंडांची नावे मात्र राहिली.

तिसरा आधार जमिनीचा. १८६२ च्या कायद्याने १६० एकरांपर्यंत सरकारी जमीन मिळे. अट अशी, की पाच वर्षे तिथे राहायचे, ती कसायची आणि शेजाऱ्यांची साक्ष द्यायची. घर कधी बांधले, किती जमीन नांगरली, घरात माणसे किती, हे सारे त्या जबान्यांत येई. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले. त्यामुळे या जबान्यांचे मोल आणखी वाढले.

१८८८ साली रेल्वे निकोडेमसला वळसा घालून गेली. दुकाने हलली, माणसे पांगली. आज तिथे मोजकीच वस्ती आहे. पण १९९६ पासून हे गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे आणि दर जुलैत दूरदूरचे वंशज तिथे जमतात.

मला त्या जमिनीच्या जबान्या सर्वांत मोलाच्या वाटतात. मालकाच्या यादीत नुसत्या वयाच्या आकड्याने उरलेली माणसे इथे आपल्या नावाने उभी राहतात आणि शेजाऱ्यासाठी साक्ष देतात.