पिशवीवरची प्रथिने

दिल्लीच्या कोटला मार्गावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची कचेरी आहे. ती ज्या 2006 च्या कायद्यान्वये चालते, त्यात अन्न म्हणजे मनुष्याने खावयाचा पदार्थ. पशुखाद्य त्या व्याख्येतून वगळले आहे. नोएडा-गुरुग्रामच्या दुकानांत बिस्किटांचा पुडा आणि कुत्र्याच्या खाण्याची पिशवी शेजारी मांडलेली असली, तरी हा कायदा दोहोंकडे एका दृष्टीने पाहत नाही.

ग्राहकाची भिस्त मग पिशवीवरच्या आकड्यांवर. त्यांत मान प्रथिनांना. पण हा आकडा येतो कसा? प्रयोगशाळेत बहुधा नायट्रोजन मोजतात व त्यास 6.25 ने गुणतात. तो नायट्रोजन मांसातला की न पचणाऱ्या पिसांतला, हे गुणाकारास काय ठाऊक! 2007 साली अमेरिकेत याची जबर किंमत मोजावी लागली. चीनहून आलेल्या गव्हाच्या प्रथिनांत मेलामाइन मिसळलेले निघाले. प्लास्टिकच्या धंद्यातला हा पदार्थ. त्याच्या वजनात दोनतृतीयांश नायट्रोजन. आकडा फुगला, आणि मूत्रपिंडांत स्फटिक साचून मुकी जनावरे मेली. एकट्या मेनू फूड्स कंपनीने सुमारे 6 कोटी डबे व पाकिटे परत मागवली. पुढच्याच वर्षी चीनमध्ये तीच भेसळ तान्ह्या मुलांच्या दूधभुकटीत सापडली.

मग घरचा दूधभातच बरा, असे कोणी म्हणेल. तेही पुरते खरे नव्हे. दूधभातावर मांजराची टॉरिनची गरज भागत नाही, आणि त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते. पिशवी घ्यावी, पण प्रथिनांच्या आकड्याआधी घटकांची यादी वाचावी. ‘मांस व मांसजन्य पदार्थ’ इतकेच मोघम छापले असेल, तर मांस कशाचे, हे कंपनीस पत्राने विचारावे.