मुळांची राखण : रोमाने-कोंती द्राक्षमळ्याची हकीकत

द्राक्षबागेची कीर्ती घडांवरून होते. परंतु त्या कीर्तीचा पाया जमिनीखाली, मुळांत असतो. फ्रान्समधील एका लहानशा पण जगप्रसिद्ध मळ्याला ही गोष्ट फार मोठी किंमत देऊन शिकावी लागली. आपल्या द्राक्ष बागायतदारांनीही ती हकीकत ध्यानी घेण्यासारखी आहे.

फ्रान्सच्या पूर्व भागात बर्गंडी नावाचा प्रांत आहे. तेथील व्होन-रोमाने या खेड्यालगत, पूर्वेकडे उतरणाऱ्या टेकडीच्या कुशीत रोमाने-कोंती हा मळा आहे. त्याचे क्षेत्र अवघे १.८ हेक्टर, म्हणजे सुमारे साडेचार एकर. जमीन चुनखडीयुक्त चिकणमातीची. तेथे 'पिनो न्वार' या काळ्या द्राक्षाची लागवड असून त्यापासून तांबडी वाइन तयार करतात. वर्षाला साधारणतः पाच-सहा हजार बाटल्या भरतात आणि जगातील अत्यंत महाग वाइनमध्ये तिची गणना होते. मद्याची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. पाहावयाचे आहे ते वेलीचे संगोपन.

मध्ययुगात ही जमीन सेंट-व्हिव्हाँ मठातील साधूंच्या ताब्यात होती. १७६० साली कोंतीच्या राजपुत्राने मळा विकत घेतला. त्यावरूनच पुढे त्यास आजचे नाव मिळाले. राज्यक्रांतीच्या काळात मळा जप्त होऊन विकला गेला व त्यानंतरही मालक बदलत राहिले. लागवडीची रीत मात्र बदलली नाही. जुनी वेल क्षीण झाली की तिची काडी खड्ड्यात वाकवून मातीने झाकीत. तिला मुळ्या फुटून नवी वेल उभी राही. यालाच आपण दाब कलम म्हणतो. अशा रीतीने तोच वंश, स्वतःच्याच मुळांवर, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला.

१८६०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या रोपांबरोबर 'फायलोक्झेरा' नावाची अतिसूक्ष्म कीड फ्रान्समध्ये शिरली. ती मुळांतील रस शोषते, मुळांवर गाठी येतात, मुळे कुजतात आणि वेल वाळून जाते. या किडीने फ्रान्समधील बागांचा मोठा संहार केला. अखेर उपाय सापडला तो अमेरिकेतच. तेथील रानद्राक्षांची मुळे या किडीस दाद देत नाहीत. म्हणून त्यांच्या खुंटावर फ्रेंच द्राक्षाचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली.

रोमाने-कोंतीच्या मालकांना मात्र जुन्या वेली मोडवेनात. ते कार्बन डायसल्फाइड हे औषध पिचकारीने जमिनीत सोडून दरसाल मुळांचे रक्षण करीत राहिले. हा उपाय खर्चाचा व कष्टाचा होता, तरी त्यावर बाग कित्येक दशके तगली. दुसऱ्या महायुद्धात औषध मिळेना, मजूरही मिळेनात. वेली खंगत गेल्या. १९४५ सालच्या हंगामात जेमतेम सहाशे बाटल्यांपुरते उत्पन्न आले आणि त्यानंतर सारी बाग उपटावी लागली. १९४७ साली जुन्याच वंशाच्या काड्यांची अमेरिकन खुंटावर कलमे करून नवी लागवड केली. १९४६ ते १९५१ ही सहा वर्षे या मळ्याच्या नावाची एकही बाटली निघाली नाही. १९५२ साली पुन्हा वाइन तयार झाली. मुळे बदलली, पण लौकिक टिकला. कारण जमीन तीच होती, द्राक्षाचा वंश तोच होता आणि वेलीवर मोजकाच माल धरण्याची शिस्तही कायम होती. आज तेथे सेंद्रिय पद्धतीने शेती होते आणि माती दबू नये म्हणून मशागतीस घोडे वापरतात.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातील बागांपुढील मुख्य अडचण या किडीची नसून खारवट जमीन व पाण्याची टंचाई ही आहे. उपाय मात्र त्याच जातीचा आहे. नाशिक, सांगली, सोलापूर भागांतील बागायतदार 'डॉगरिज' या खुंटावर कलम करतात. तोही मूळचा अमेरिकेतील रानद्राक्षाचाच. म्हणून बागायतदारांनी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. लागवडीपूर्वी माती व पाणी तपासून घ्यावे आणि त्यानुसार खुंट निवडावा.

२. कलमाचा जोड नेहमी जमिनीच्या वर राहील अशी दक्षता घ्यावी. जोड मातीत गाडला गेल्यास वरच्या जातीस मुळ्या फुटतात आणि खुंटाचा लाभ नाहीसा होतो. अशा मुळ्या व खुंटावरील फुटवे वेळीच काढून टाकावेत.

३. वेलीच्या ताकदीपेक्षा अधिक घड ठेवू नयेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावच्या सभेत ही हकीकत अवश्य सांगावी. बाग खालावू लागली म्हणजे दरसाल औषधांचा खर्च वाढवीत जाण्याआधी शेतकऱ्याने एकदा कुदळ घेऊन वेलीची मुळे उघडून पाहावीत. दुखणे तेथे असेल, तर फेरलागवडीचा निर्णय बागेत थोडी ताकद शिल्लक असतानाच घेणे हिताचे ठरते.