जिन्याच्या कठड्यातून वाहणारे पाणी

रमजानचा अठरावा रोजा स्पेनमध्ये, ग्रानादा शहरात आला. सहलीत त्या दिवशी अलहंब्रा किल्ला आणि शेजारची हेनेरालिफे बाग होती. ग्रुप पुण्याचा. दुपारी ऊन चढले तशी सोबतच्या काकूंनी पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली आणि लगेच ओशाळून मागे घेतली.

"भाऊ, प्रवासात रोजा न धरण्याची सवलत असते ना?"

"असते काकू. राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. पण ही बाग रोजा ठेवूनच पाहावी, असे मनात होते."

हेनेरालिफे म्हणजे ग्रानादाच्या नस्री सुलतानांचे उन्हाळ्यातले निवासस्थान. त्यांची राजवट १४९२ मध्ये संपली, पण त्यांचे पाणी अजून वाहते आहे. बाग टेकडीवर, नदी खाली. म्हणून दार्रो नदीचे पाणी वरच्या अंगाला वळवून, सुमारे सहा किलोमीटरचा पाट डोंगराच्या कडेने आणला. पंप नाही, फक्त उतार. मलिक अंबरने छत्रपती संभाजीनगरात नहर-ए-अंबरीचे पाणी असेच उताराने आणले होते. पाटाला स्पॅनिशमध्ये 'आसेकिया' म्हणतात. हा शब्द अरबी 'साकिया'वरून आला. गझलेतला 'साकी' त्याच कुळातला.

मुख्य चौकात लांबलचक पाट आहे आणि दोन्ही बाजूंनी त्यावर कारंज्यांच्या कमानी पडतात. सगळे तिथेच फोटो काढतात. पण ही कारंजी एकोणिसाव्या शतकात बसवलेली. सुलतानांच्या काळी पाणी संथ वाहायचे. १९५८ च्या आगीनंतर इथे उत्खनन झाले, तेव्हा जुने वाफे आजच्या पातळीपेक्षा बरेच खाली सापडले. म्हणजे चालणाऱ्याच्या पायाशी फुलांचा गालिचा असणार.

मी थबकलो ते वरच्या जिन्यापाशी. दाट सावलीतल्या त्या जिन्याच्या दोन्ही कठड्यांत पन्हळी आहेत आणि त्यांतून पाणी झुळझुळत खाली येते. जिना चढताना हात टेकला की बोटे भिजतात. वर पूर्वी नमाजाची छोटी जागा होती, असे सांगतात. घसा कोरडा होता. बोटे ओली झाली आणि लहानपणापासून ऐकलेली शिकवण आठवली: वाहत्या नदीकाठी वजू करत असाल, तरी पाणी वाया घालवू नका.

ज्यांच्याकडे अख्खा पाट होता, त्यांनी कठड्यात ओंजळभर पाणी खेळवले. आणि आमच्या मोहल्ल्यात? आठ दिवसांनी नळाला पाणी येते, तरी मशिदीत तोटी मोकळी सोडून गप्पा मारत वजू करणारे कमी नाहीत. त्यांत मीही होतो. दिवसभर तहान सोसायची आणि संध्याकाळी बादलीभर पाणी सांडायचे, हा कसला रोजा?

सूर्यास्ताला आम्ही समोरच्या अल्बाइसिन वस्तीतल्या चौकात होतो. पलीकडे अलहंब्राच्या भिंती तांबूस झाल्या होत्या. शेजारी २००३ मध्ये उघडलेली मशीद आहे. तिथून अजान आली. मी खजूर तोंडात टाकला. काकूंनी बाटली पुढे केली. ती भरलेलीच होती.

"तुम्ही दुपारपासून प्यायला नाहीत?"

"तुमच्यासमोर घोट घशाखाली उतरेना," त्या हसत म्हणाल्या. "आता आधी तुम्ही घ्या."

घरी आल्यापासून मी तांब्यात पाणी घेऊन वजू करतो. एक तांब्या पुरतो.