डोंगरातले पाणी शहरात आणणारे बुऱ्हाणपूर

बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला लालबागेच्या बाजूने बाहेर पडले की मोकळ्या जमिनीवर गोल कठड्याच्या विहिरी दिसू लागतात. एक, तिच्यापुढे थोड्या अंतरावर दुसरी, मग तिसरी. सगळ्या एका रांगेत, सातपुड्याकडून शहराकडे. नवख्या माणसाला वाटते, एवढ्या जवळजवळ इतक्या विहिरी कोणी कशाला खणल्या असतील? उत्तर जमिनीच्या वर नाही. या विहिरी म्हणजे कुंड्या, आणि त्यांतल्या एका कुंडीवर खाली उतरण्यासाठी लिफ्ट बसवली आहे. तिच्यातून सुमारे ८० फूट खाली गेल्यावर कळते की वर दिसतात ती नुसती तोंडे आहेत. खाली सलग बोगदा आहे आणि त्यातून पाणी चालले आहे. भिंतींवर चुन्याचे पांढरे थर चढलेले, छतातून ठिबकणारे थेंब, आणि मान वर केली तर आभाळाचा नाण्याएवढा गोल तुकडा. हाच कुंडी भांडारा, लोकांच्या तोंडी खूनी भांडारा.

या रचनेत पंप नाही, रहाट नाही, मोट नाही. सातपुड्याच्या उतारावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो आणि तापीच्या दिशेने झिरपत येतो. ही झिरप पायथ्याशी अडवायची आणि बोगद्याला अगदी थोडा उतार देऊन पाणी शहरापर्यंत न्यायचे, एवढीच युक्ती. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा पोखरील, कमी झाला तर साचून राहील. तो मैलोनमैल नेमका साधणे हे त्या कारागिरांचे खरे कसब. कुंड्यांचे कामही तिहेरी: खणताना माती वर काढायला, आत हवा खेळती राहायला आणि पुढे गाळ उपसायला. पाणी जमिनीखाली असल्याने उन्हाने आटत नाही. वेढा घालून बसलेल्या शत्रूला त्यात विष कालवणेही नदीइतके सोपे नाही.

ही इराणातली जुनी विद्या, तिथे तिला कनात म्हणतात. मराठी वाचकाला ती अगदीच परकी नाही, कारण कुंडी भांडारा झाला त्याच सुमारास मलिक अंबरने खडकीत, म्हणजे पुढच्या औरंगाबादेत, नहर-ए-अंबरी बांधली. मोगल आणि मलिक अंबर या दख्खनच्या राजकारणात एकमेकांसमोर उभ्या असलेल्या दोन बाजू आपापल्या शहरांची तहान एकाच युक्तीने भागवत होत्या, हे मला लढायांच्या तारखांपेक्षा जास्त रंजक वाटते.

कुंडी भांडाऱ्याचे काम १६१५ च्या सुमाराचे, जहांगीराच्या काळातले. त्यामागे सुभेदार अब्दुर्रहीम खानखाना, म्हणजेच दोहे लिहिणारा रहीम. मोत्याचे पाणी, माणसाचे पाणी आणि पिठातले पाणी असा एकाच शब्दावर तिहेरी श्लेष करणाऱ्या कवीने शहराला खरेखुरे पाणी पाजावे, हा योग कथेत आला असता तर आपण म्हटले असते, लेखकाने जरा जास्तच जुळवून आणले! त्याच १६१५ च्या नोव्हेंबरात इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो इथे आला आणि शाहजादा परवेझच्या दरबारात उभा राहिला. मोगलांच्या दक्षिण मोहिमांची सूत्रे तेव्हा इथून हलत. छावणीची माणसे, घोडे, हत्ती एवढ्या सगळ्यांना पाणी पुरवायचे होते.

असे आणखीही भांडारे शहराभोवती आहेत: मूळ भांडारा, सुखा भांडारा, चिंताहरण. शेवटचे नाव ठेवणाऱ्याला टंचाई ठाऊक असणार. मार्च २०२४ मध्ये कुंडी भांडाऱ्याचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. त्याआधी २०२२ साली, घरोघरी नळ पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळवणारा देशातला पहिला जिल्हा ठरला तोही बुऱ्हाणपूरच.

शहर कुंडी भांडाऱ्याहून दोनशे वर्षांनी जुने. खानदेशच्या फारुकी सुलतानांपैकी नासिरखानाने १४०० च्या सुमारास ते वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव दिले. त्यांची कबर आपल्या खुलताबादेत आहे. चौकातल्या जामा मशिदीत जाल तर आतला संस्कृत शिलालेख चुकवू नका. १५९० च्या सुमारास फारुकी सुलतान आदिलशाहाच्या काळात तो कोरला गेला, अरबी लेखाच्या जोडीने. त्यात फारुकी राजांची वंशावळ देवनागरीत आहे. पुढे अकबराने १६०१ मध्ये जवळचा असीरगड घेतला, तेव्हा त्या विजयाचा लेखही याच मशिदीत आला.

तापीकाठी शाही किल्ला आहे. बराचसा ढासळलेला, पण हमामखान्याच्या छतावरचे रंगीत नक्षीकाम अजून डोळ्यांत भरते. याच शहरात १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात मुमताजमहल वारली. ताजमहाल तेव्हा कुठेच नव्हता. नदीपलीकडे झैनाबादेतल्या आहूखान्यात तिला तात्पुरते पुरले आणि डिसेंबरात शव आग्र्याला नेले. आहूखाना पाहायला फारसे कोणी जात नाही.

मराठी माणसाने मात्र आणखी एका जागी थांबावे. पुरंदरच्या तहातला मिर्झाराजा जयसिंग दक्षिणेतून परतताना १६६७ मध्ये इथेच वारला. शहराबाहेर मोहना नदीच्या काठी त्याची छत्री उभी आहे, ‘राजा की छत्री’. चौदा वर्षांनी, १६८१ च्या सुरुवातीला, संभाजी महाराजांच्या फौजेने या श्रीमंत शहराची उपनगरे लुटली.

आता खाण्याकडे. इथली जिलबी पाहून आधी शंकाच येते: पिवळीधमक नाही, कुरकुरीत नाही, रंगाने थेट गुलाबजामची बहीण. खवा आणि आरारूट एकत्र फेटून केलेले जाड पीठ फडक्यातून कढईत सोडतात. तळताना वेटोळे फुगते, तपकिरी होते, मग पाकात जाते. एक पुरे होते, हे दुसरी खाल्ल्यावर समजते. रमजानात मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर जी मावा जलेबी मिळते, ती याच गावाचे नाव लावून विकतात.

मांडे इथले वेगळे. खानदेशात मांडा म्हटला की पुरणाचा, पालथ्या खापरावरचा. बुऱ्हाणपुरात पुरण नाही. कारागीर सैल कणकेचा गोळा दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत पसरवतो आणि उलट्या कढईवर टाकतो. क्षणात फोड येतात, आणि तो रुमालासारखी घडी घालून बाजूला ठेवतो. मटणाच्या रश्श्यात बुडवून खाण्यासाठीच हा मांडा जन्मला आहे, असे माझे मत.

दराबा मात्र दोन्हीकडचा. रवा, साखर आणि तूप हलके होईपर्यंत फेसायचे, एवढेच. जळगावकडे त्याचे लाडू वळतात, इथे तो मोकळाच तोलून देतात. डबा आडवा करू नका, भुसावळ येईपर्यंत पिशवीला तूप सुटते.